सबनीस काकांची डावी बाजू

सबनीस काकांना कोणी म्हणालं, "आज हवा छान आहे," तर ते आधी खिडकीशी जायचे, बाहेर बघायचे आणि मग म्हणायचे, "हं. बघू."

भोपाळच्या अवधपुरीत आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचं घर त्यांचं. बेल वाजवली की आतून "कोण?" असं कधी यायचं नाही. आधी पडदा हलायचा. मग आतली कडी वाजायची, पण दार उघडायचं नाही. ही नुसती चाचपणी असायची. मग दार चार बोटं उघडायचं आणि त्या फटीतून काका तुमच्याकडे नाही, तुमच्या मागच्या रस्त्याकडे बघायचे. मागे कोणी नाही याची खात्री पटली की म्हणायचे, "ये विद्या, एकटीच आलीस ना?" भाजीवाल्याने दिलेली गवार ते घरी नेऊन पुन्हा निवडायचे, कारण वरची कोवळी आणि खालची जून असणार हे त्यांनी आधीच गृहीत धरलेलं असायचं. पेढ्याचा पुडा आला की आधी बातमी काय ते विचारायचे आणि मग पेढा मोडून आत बघायचे.

मी विमा कंपनीत दावे तपासते. कोणाची गाडी खरंच खड्ड्यात गेली आणि कोणी घरच्या घरी दगडाने ठोकून आणली, हे ओळखणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे संशयी माणसांबद्दल मला मुळातच आपुलकी आहे. पण काकांपुढे मी म्हणजे अगदीच भोळा सांब. जबलपूरला बदली होऊन मी भोपाळ सोडलं तरी अजून एखाद्याच्या बोलण्यावर माझा पटकन विश्वास बसायला लागला की मला काकांचं ते "हं" ऐकू येतं.

कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते, म्हणजे तिथेही इतरांनी केलेल्या कामावर अविश्वास दाखवण्याचाच पगार घेत होते. पण त्यांची खरी ओळख हॉकीचे पंच म्हणून. भोपाळात हॉकी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. कारखान्याच्या सामन्यांना गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा येऊन पंचाला शिव्या घालायची. एकदा काकांनी आपल्याच विभागाच्या संघाविरुद्ध अगदी शेवटच्या घटकेला पेनल्टी स्ट्रोक दिला आणि त्यांचा संघ हरला. त्यानंतर बराच काळ कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर कोणी बसेना. काका निवांत एकटे जेवायचे. मला ही गोष्ट सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मुलाच्या लग्नातही मी पाहिला नव्हता. "पंचाला लोकांनी काहीही म्हणावं," ते म्हणाले, "पण याने आपल्या माणसाला सोडलं असं कोणी म्हणू शकलं नाही, विद्या. शोधून बघ."

असा माणूस पेंटबॉलमध्ये आला तोही संशयापोटीच.

कोलार रोडच्या पुढे, जिथे कॉलनीची पाटी आधी लागते आणि घरं सावकाश येतात, तिथे फैजान नावाच्या तरुणाने पेंटबॉलचं मैदान काढलं होतं. खेळ साधा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून रंग भरलेल्या गोळ्या मारायच्या. अंगावर किंवा हातातल्या सामानावर गोळी फुटली की तुम्ही बाद. हात वर करून "आउट" म्हणायचं आणि बाहेर जायचं. समोरच्या टोकाचं निशाण जो संघ आधी उचलेल तो जिंकला. काकांची सून मृणाल ग्वाल्हेरची, बँकेत नोकरीला, आणि तिच्या ऑफिसची टोळी तिथे जाणार होती. काका आदल्या दिवशीच मैदानावर पोचले आणि त्यांनी चेहऱ्यावर घालायचे काचेचे मास्क मागून घेतले.

"ये काँच किसने जाँची है?"

"अंकल, नया माल है. अपन झूठ काय को बोलेंगे?" फैजान म्हणाला.

"सब यही कहते हैं."

मग काकांनी एकेक मास्क लाकडी खुंटावर चढवून फैजानलाच जवळून गोळ्या मारायला लावल्या. एका मास्कची काच तडकली. काकांनी तो मास्क पायाखाली घालून मोडला, म्हणजे पुन्हा वापरात यायला नको. फैजानने ते तुकडे गोळा केले. मग म्हणाला, "अंकल, आप इतवार को आ जाया करो. मेरी तो कोई सुनता नहीं, सब मास्क उठा-उठा के सेल्फी ले रिये हैं." आणि निवृत्तीनंतर खुंटीला टांगलेली शिट्टी काकांनी पुन्हा गळ्यात घातली.

नवख्या खेळाडूंचा त्यांचा वर्ग ऐकण्यासारखा असायचा. बहुतेक लोक आल्या आल्या बंदूक कशी चालते ते विचारत. काका त्यांना आधी नुसतं मैदान फिरवून आणत. "गोळी मारणं कोणालाही येतं. बघणं येत नाही." मग एकेक सांगत. आडोशाच्या वरून डोकं काढू नका, बाजूने काढा, आणि एकदा जिथून डोकावलात तिथून पुन्हा डोकावू नका, कारण समोरचा तिथेच नेम धरून बसला असणार. दोघं एकाच ड्रमामागे लपू नका. लांब लांब राहा, म्हणजे समोरच्याला एकापासून लपताना दुसऱ्यासमोर यावं लागेल. तोंड मिटून खेळू नका. जे दिसलं ते ओरडून सांगा, आणि जे दिसत नाही ते विचारा. त्यांचे किती बाद झाले ते लक्षात ठेवा. नवखा माणूस गोळ्या येतात तिकडेच बघत बसतो, आणि त्याला बाद करणारा कडेकडेने येतो.

"आणि साथीदार ओरडला की डावीकडे मोकळं आहे," ते शेवटी म्हणायचे, "तर त्याचे आभार माना आणि तरीही स्वतः मान वळवून बघा. तो खोटं बोलत नसेल, पण चुकत असेल. मान फुकट आहे, फिरवा."

स्वतः ते तशी मान सतत फिरवायचे. रस्त्यावर, देवळात, बोलता बोलता. आम्हाला वाटायचं, आता हा खेळ त्यांच्या अंगात भिनला.

आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं स्नेहसंमेलन असतं आणि त्यात अवधपुरी विरुद्ध नेहरू नगर असा एक सामना असतो. पूर्वी टेनिस बॉलचं क्रिकेट व्हायचं. त्या वर्षी तरुण मंडळींनी हट्ट धरला आणि पेंटबॉल ठरलं. सकाळी एकमेकांना गोळ्या घालायच्या आणि दुपारी तिळगूळ देऊन गोड बोला म्हणायचं, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. पंच अर्थात सबनीस काका. सून अवधपुरीकडून खेळते आहे, यावरही कोणी हरकत घेतली नाही. काकांबद्दल ती शंका कोणाच्या मनातच येत नव्हती.

सामना चुरशीचा झाला. मृणाल मैदानाच्या कडेने, ड्रमांच्या ओळीआडून, अगदी काकांनी शिकवलं होतं तशी सरकत गेली आणि तिने निशाण उचललं. आम्ही टाळ्या वाजवत होतो तेवढ्यात नेहरू नगरचा संजय वैद्य ओरडत आला. त्याने मृणालला निशाणाच्या आधीच टिपलं होतं. तिच्या बंदुकीवरच्या गोळ्यांच्या डब्यावर पिवळा रंग होता. आणि ती जिथे टिपली गेली तिथून काका हातभर अंतरावर उभे होते.

काकांनी डबा हातात घेतला, मान वाकडी करून बघितला आणि म्हणाले, "मी पाहिलं. हा शिंतोडा आहे. गोळी शेजारच्या ड्रमावर फुटली, तिथून उडाला. शिंतोड्यावर बाद देत नाहीत."

"काका, सून आहे म्हणून?" वैद्य म्हणाला.

काकांना आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता ते वैद्यला झाडतील. त्यांनी फक्त शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली आणि म्हणाले, "निर्णय झाला आहे."

मी तो डबा पाहिला होता. शिंतोडा बारीक थेंबांचा असतो. हा चांगला जाड, मध्ये गोळीचं फुटलेलं साल चिकटलेला डाग होता. आणि खोटे दावे वाचून वाचून मला एक कळतं, की खरं बोलणारा माणूस "मी पाहिलं" म्हणून थांबतो. शेजारचा ड्रम कोणी विचारला नव्हता. काका खोटं बोलत होते. सुनेसाठी? पेनल्टी स्ट्रोकवाला माणूस? मला ते पटेना, आणि पटत नाही तिथे माझं डोकं चालायला लागतं.

दुपारी पंगत होती, गुळाच्या पोळीची. मंडळाच्या दालनात जाड खांबांमुळे जरा अंधारच होता. काका नेहमीसारखे भिंत डाव्या हाताला धरून बसायला गेले, पण तिथे आधीच कोणी बसलं होतं, म्हणून त्यांना मधे बसावं लागलं. त्यांच्या डाव्या हाताला मी. ताटाच्या डाव्या बाजूबद्दल काका फार कडक. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, जे जिथे पाहिजे तिथे. वाढप्याने चटणी उजवीकडे वाढली तर ते त्याला परत बोलवायचे. त्या दिवशी त्यांनी वरण-भात कालवला, एक घास घेतला आणि वाढणाऱ्या मुलीला म्हणाले, "मीठ वाढायचं राहिलं का गं?"

मीठ ताटात होतं. लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं डावीकडे जिथल्या तिथे होतं. त्या मुलीने आणखी चिमूटभर मीठ वाढलं, आणि काकांनी मान पार माझ्याकडे वळवून ताटाकडे बघितलं. तेव्हा त्यांना दोन्ही मिठं दिसली.

मी माझा हात हळूच त्यांच्या ताटावरून, डावीकडून, लिंबापर्यंत नेला. त्यांच्या घासात खंड पडला नाही. लिंबाची फोड उचलून मी माझ्या ताटात ठेवली. एरवी कोणी त्यांच्या ताटाजवळ हात नेला असता तर त्याची खैर नव्हती.

मग सगळे दुवे एकामागून एक जुळायला लागले. स्कूटर विकली होती, "चालणं बरं असतं" म्हणून. रस्त्याने जाताना मला नेहमी उजवीकडे घ्यायचे. दाराची फट, फिरती मान, भिंतीकडेची जागा. यातलं संशयी स्वभावाचं किती आणि डोळ्यांचं किती, ते मला वेगळं करता येईना. त्यांनी आपला आजार आपल्याच स्वभावात इतका बेमालूम लपवला होता.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. पडदा हलला, कडी वाजली, दार चार बोटं उघडलं. मी आत जाऊन सरळच विचारलं.

"काका, डावीकडचं कधीपासून दिसत नाही?"

त्यांनी आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. मृणाल अजून मंडळातून परतली नव्हती. "काचबिंदू," ते म्हणाले. "डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याचाही आतला, नाकाकडचा भाग चालला आहे. समोरचं चांगलं दिसतं. थेंब घालतो. गेलेलं परत येत नाही म्हणाले. तुला कोणी सांगितलं?"

"लिंबाने," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. मी म्हणाले, "सांगून टाका ना. लोक समजून घेतील. आज तुम्हाला वैद्यने लबाड म्हटलं."

"म्हणू दे. लबाड पंचाशी लोक भांडतात तरी. आंधळ्या पंचाला खुर्ची आणून देतात." मग म्हणाले, "मला खुर्ची नको आहे, विद्या."

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कारण या हिशोबात त्यांनी मृणालला धरलंच नव्हतं.

मला नंतर तिच्याकडूनच कळलं, त्याच रात्री तिने घरी त्यांना सांगितलं होतं, "बाबा, डाग खरा होता नं. मला तर कळलंच नाही कधी लागला. मी ग्रुपवर सांगून टाकते." त्यावर काकांनी तिला गप्प केलं होतं, पंचाच्या निर्णयात खेळाडूने पडू नये म्हणून. सासऱ्याचा शब्द म्हणून ती गप्प बसली आणि तिचं हसं सुरू झालं. मंडळाच्या ग्रुपवर कोणी तिला "शिंतोडा वहिनी" म्हणायला लागलं. हळदीकुंकवात एकीने अत्तर लावताना म्हटलं, "जपून गं, हिच्यावर शिंतोडा उडेल." बायका हसल्या. मृणालही हसली, पण त्यानंतर ती कुठल्याच हळदीकुंकवाला गेली नाही. काकांचं नाव जाऊ नये म्हणून तिचं चाललं होतं, आणि ते काकांना दिसत नव्हतं, किंवा दिसत असून ते मान वळवत नव्हते.

नेहरू नगरने सामना पुन्हा मागितला. पंच तेच असू देत, असं वैद्य मुद्दाम म्हणाला. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी जाळीबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक फोन खेळाकडे नाही, पंचाकडे रोखलेला होता. आमच्या कॉलनीतलेही काही जण शूटिंग करत होते. काकांनी नेहमीसारखं सगळ्यांना बजावलं, "मैदानात मास्क काढला की तो खेळाडू बाद. त्यात दयामाया नाही. डोळा एकदा गेला की गेला."

हे शेवटचं वाक्य ते नेहमीच म्हणायचे. त्या दिवशी मला ते ऐकवेना.

सकाळचा गारवा होता, श्वासाने मास्क धुरकट होत होते. मृणाल पुन्हा कडेने निघाली, पण या वेळी तिचं लक्ष नव्हतं. काकांच्या डावीकडच्या ड्रमामागे ती थांबली, बंदूक काखेत धरली आणि काच पुसायला तिने मास्क कपाळावर सरकवला. समोरून वैद्यच्या माणसांच्या गोळ्या त्याच ड्रमावर फुटत होत्या. काका पाचसहा पावलांवर होते आणि समोर बघत होते. शिट्टी वाजली नाही.

"काका, डावीकडे," मी जाळीबाहेरून जिवाच्या आकांताने ओरडले. "मास्क."

त्यांनी मान वळवली. शिट्टी फुंकतच ते धावले, आणि तिच्याकडे पाठ करून नाही, तोंड तिच्याकडे करून उभे राहिले आणि दोन्ही तळव्यांनी तिचे डोळे झाकले. शिट्टी ऐकू यायच्या आधी सुटलेली एक गोळी त्यांच्या पाठीवर फुटली.

मृणालने मास्क खाली ओढला. गोळ्या थांबल्या. काका वळले. पाठीवरचा पिवळा रंग खाली ओघळत होता. त्यांनी खेळाडू करतो तसा हात वर केला.

"आउट," ते म्हणाले.

"काका, पंचाला लागलेलं धरत नाहीत," वैद्य म्हणाला.

"आज धरायचं. मला डावीकडचं दिसत नाही. मागच्या वेळी ही माझ्या डावीकडे होती, मी काहीच पाहिलं नव्हतं. डाग खरा होता. तिने मला घरी सांगितलं होतं, मीच तिला गप्प केलं. तो सामना नेहरू नगरचा. तिला कोणी काही म्हणायचं असेल तर मला म्हणा."

कोणीतरी फोन खाली केला. पण वैद्य तसा सुटणाऱ्यातला नव्हता. "म्हणजे तेव्हा दिसलं म्हणालात, आता दिसत नाही म्हणता," तो म्हणाला. "सुनेला सोडवायला हे नवीन कशावरून नाही?"

मला त्याचा संताप आला. पण काकांच्या चेहऱ्यावर मात्र मला जरा समाधान दिसलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्यांच्यासारखं वागत होतं. "तपासून घे," ते म्हणाले. वैद्य त्यांच्या डाव्या बाजूला गेला आणि हात वर धरून म्हणाला, "किती बोटं?"

काका समोर बघत म्हणाले, "बोटं राहू देत. तू उभा कुठे आहेस?"

तो त्यांच्या खांद्याला जवळजवळ टेकून उभा होता. त्याने हात खाली घेतला. मग न सांगता जाळीबाहेर गेला आणि फैजानच्या टेबलामागची लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. ती त्याने काकांच्या मागे ठेवली, अगदी जपून, आणि हळूच म्हणाला, "बसा काका."

काका त्या खुर्चीकडे बघत राहिले. मी दुसरीकडे बघायला लागले, कारण मला ते बघवेना.

मृणाल पुढे आली. तिने आपली बंदूक त्या खुर्चीवर ठेवली, खुर्चीच्या पाठीला बंदुकीचा पट्टा अडकवला आणि सासऱ्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. "मास्क काढला, मी तर बाद आहे," ती वैद्यला म्हणाली. "खेळ अर्धा बाकी आहे नं? बाबा शिट्टी वाजवतील. हिकडचं मी सांगते."

वैद्यने फैजानकडे पाहिलं. फैजान म्हणाला, "रूल में तो कहीं मना नहीं है, खां."

खेळाडू आपापल्या आडोशांमागे गेले. काकांनी शिट्टी तोंडात धरली आणि पुन्हा काढली. जाळीबाहेरचे फोन परत वर झाले होते, माझं लक्ष तिकडे नव्हतं.

"डावीकडे?" काकांनी विचारलं.

"मोकळं आहे, बाबा."

काका समोरच बघत राहिले. त्यांनी मान वळवली नाही. शिट्टी वाजवली.